सेकंड हँड ट्रेलर घेताय? रंग नंतर बघा, आधी सिंकखालचं दार उघडा



जुना फूड ट्रेलर, कुणीतरी हौसेने बनवून घेतलेली आणि मग दोन वर्षं शेडमध्ये पडून राहिलेली कॅराव्हॅन, नाहीतर फिरत्या शौचालयाची गाडी. असं काहीतरी सेकंड हँड घेऊन धंदा सुरू करावा, हा विचार सध्या खूप जणांच्या डोक्यात आहे. विचार चांगला आहे. नव्या गाडीच्या निम्म्या पैशात काम होतं. पण बघायला जाताना आपण काय करतो? सोबत गॅरेजवाला मित्र नेतो. तो टायर बघतो, चेसिस ठोकून बघतो, हूक बघतो. आपण पत्रा आणि रंग बघतो, कागदपत्रं चाळतो, आणि सौदा करतो. सिंकखालचं दार उघडून, गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून पाइप कुणी बघत नाही.

आणि धंदा बंद पडतो तो बहुतेक वेळा तिथूनच. टायर फुटला तर तासाभरात बदलता येतो. लग्नाच्या मांडवात, पंगत बसलेली असताना फरशीखालून पाणी यायला लागलं, तर त्या दिवशी तुमचा धंदा संपला. पुढच्या वर्षीची ऑर्डर पण गेली.

व्हिडिओत मी हे पाच मिनिटांत उरकलं होतं, इथे नीट सांगतो. माझं म्हणणं सरळ आहे: जुन्या ट्रेलरचा सांगाडा जुना चालेल, पण ज्यातून पाणी वाहतं ते सगळं नवं करायचं. टाकीपासून शेवटच्या ड्रेनपर्यंत. आणि त्याचा खर्च सौदा व्हायच्या आधी किमतीतून वजा करायचा, नंतर स्वतःच्या खिशातून नाही. दोन-अडीच लाख ही रक्कम कागदावर छोटी दिसते. पण ती कुणाच्या तरी आईच्या दागिन्यांतून आलेली असते, कुणाच्या बचत गटाच्या कर्जातून. ती गळक्या पाइपात घालायची नसते.

आपल्या जिल्ह्यात याला गिऱ्हाईक आहे का?

आहे. राजूरच्या गणपतीला अंगारकीला किती गर्दी होते ते तुम्ही बघितलंय. अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रातली गर्दी, घनसावंगी तालुक्यात जांबला समर्थांच्या जन्मगावी येणारे भाविक, उन्हाळ्यातली लग्नं, मोसंबीच्या हंगामात बाजारात रात्रभर थांबणारे ट्रकवाले, एमआयडीसीतल्या स्टीलच्या कारखान्यांच्या शिफ्ट. त्यात समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडला गेला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. त्यावर मनात येईल तिथे गाडी उभी करून धंदा करता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण इंटरचेंजमधून बाहेर पडलेल्या माणसाला चहा, जेवण आणि स्वच्छ बाथरूम लागतंच. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून राहण्याची सोय असलेल्या गाड्यांची चौकशीही वाढली आहे.

म्हणजे मागणीची चिंता नाही. चिंता आहे ती ज्या गाडीवर धंदा उभा करायचा तिची.

पुण्याच्या बसकडून शिकण्यासारखं

पुण्यात २०१६ पासून 'ती' नावाची शौचालयं सुरू झाली. पीएमपीएमएलच्या भंगारात निघालेल्या बस घेऊन राजीव खेर आणि उल्का सादळकर यांच्या साराप्लास्ट कंपनीने त्यात बायकांसाठी स्वच्छतागृहं केली. आत भारतीय आणि वेस्टर्न दोन्ही प्रकारची शौचालयं, वॉश बेसिन, बाळाला दूध पाजायला जागा, छतावर सोलर पॅनल. सुरुवातीला वापराचे ५ रुपये घेत. देशात आणि परदेशात त्याची बातमी झाली.

आता धंद्याच्या नजरेने बघा. बस जुनी होती, इंजिन संपलं होतं. पण प्रवासी बसमध्ये मुळात पाण्याची लाइनच नसते. टाकी नाही, नळ नाही, सांडपाण्याचा पाइप नाही. त्यामुळे वाचवायला काही नव्हतं, सगळं नव्यानेच बसवावं लागतं.

जुन्या कॅराव्हॅनची किंवा ट्रेलरची गोम इथे आहे. त्यात लाइन असते. नळ सोडला की पाणी येतं. विकणारा तुम्हाला तोटी उघडून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, सगळं चालू आहे." मग आपल्याला वाटतं, चालू आहे तर कशाला काढायचं? दोन ठिकाणी गळतंय, तेवढं टेफ्लॉन मारून घेऊ. असे दोनाचे चार आणि चाराचे आठ जोड होतात, आणि प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा.

जुनी लाइन खराब का होते?

घरातल्या पाइपचं आणि गाडीतल्या पाइपचं आयुष्य वेगळं असतं. घरातला पाइप भिंतीत गप्प बसलेला असतो. ट्रेलरमधला पाइप प्रत्येक खड्ड्याला हादरतो. भोकरदन-जाफ्राबादकडच्या आतल्या रस्त्यांवरून महिनाभर फिरलेल्या गाडीचे आटे सैल होतात, सोल्युशनने चिकटवलेले ताठ जोड तडकतात. घरात वीस वर्षं टिकणारं फिटिंग गाडीत दोन हंगामांत दगा देतं, ते त्यामुळे.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. बंद पत्र्याच्या ट्रेलरमध्ये त्याहून जास्त. साधा पांढरा पीव्हीसी पाइप थंड पाण्यासाठी असतो. तो तापला की त्याची ताकद कमी होते, आणि उघड्यावर ऊन लागलं की ठिसूळ होतो. ट्रेलरच्या बाहेरून नेलेला पीव्हीसी पाइप नखाने टोकरून बघा. पांढरी भुकटी निघाली तर तो संपलेला आहे.

तिसरी गोष्ट आपलं बोअरचं पाणी. काळ्या पाषाणातून येणारं, बऱ्याच ठिकाणी क्षार जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमच्या गावच्या बोअरचा आकडा काय आहे ते तपासून घ्या, पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. क्षाराचा थर पाइपाला आतून चढत जातो आणि अर्ध्या इंची पाइपाची वाट पेन्सिलीएवढी उरते. गिझर असेल तर अजून लवकर, कारण पाणी तापलं की क्षार पटकन बसतात. बाहेरून पाइप ठणठणीत, आतून जाम. हे तोटी उघडून कळत नाही. दोन तोट्या एकदम उघडल्या की कळतं.

आणि चौथी, जी कुणी मोजत नाही: पडून राहणं. पावसाळ्यात चार महिने ट्रेलर उभा. टाकीत तळाला पाणी तसंच. त्यात शेवाळ होतं, पंपाचं रबर चिकटतं, पाइपात चिकट थर बसतो. त्याच पाण्याने तुम्ही ऑक्टोबरमध्ये कुणाच्या तरी मुलाच्या हातात प्लेट देणार. पोट बिघडलं तर लोक पाण्याला नाव ठेवत नाहीत, तुमच्या गाडीला ठेवतात.

बाहेरच्या देशातली एक गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे कधीतरी आयात केलेली जुनी कॅराव्हॅन विकायला येते. अमेरिकेत १९७८ च्या सुमारापासून १९९५ पर्यंत पॉलिब्युटिलीन नावाचा स्वस्त, वाकणारा, बहुतेक करड्या रंगाचा पाइप घरांत आणि ट्रेलरमध्ये सर्रास वापरला गेला. पाण्यातल्या क्लोरीनने तो हळूहळू आतून खराब होऊ लागला आणि फिटिंगपाशी फुटू लागला. प्रकरण कोर्टात गेलं, १९९५ मध्ये ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या काळातला ट्रेलर आणि करडा वाकणारा पाइप दिसला, तर "अजून तर गळत नाही" या वाक्याला काही अर्थ नाही.

बघायला जाताना काय न्यायचं

टॉर्च, पेचकस, कोरडं वर्तमानपत्र आणि पाण्याचे दोन कॅन. मालकाला आधीच सांगा की पाणी भरून बघणार. तो टाळायला लागला तर तुमचं अर्धं उत्तर मिळालं.

टाकीत पाणी टाका, सगळ्या तोट्या बंद ठेवून पंप चालू करा. पंप थोडा वेळ चालेल, दाब भरला की बंद पडेल. आता दहा मिनिटं गप्प उभे राहा. तोटी न उघडता पंप मध्येच 'टुक' करून चालू झाला, थांबला, परत चालू झाला, तर कुठेतरी दाब सुटतोय. एक तर गळती आहे, नाहीतर पंपाचा आतला व्हॉल्व्ह गेलाय. मालक बोलत राहील, त्याला बोलू द्या, तुमचं लक्ष पंपाच्या आवाजाकडे.

मग वर्तमानपत्र प्रत्येक जोडाखाली पसरा. थेंब डोळ्याला दिसत नाही, पण कागदावर डाग दिसतो. पेचकसाने सिंकखालची, टाकीखालची आणि बाथरूमच्या दारातली प्लाय हळूच टोचा. टोक आत गेलं तर प्लाय कुजलेली आहे. म्हणजे गळती आजची नाही, वर्षांची आहे, आणि खालच्या लोखंडी अँगललाही गंज असणार. जोडांवर पांढरा-हिरवट खडू जमलेला दिसला तर तिथे कधीतरी गळत होतं. वासही घ्या. ओलसर कुबट वास अत्तराच्या फवाऱ्याने लपत नाही.

शेवटी टाकी रिकामी करून झाकण उघडा, आत टॉर्च मारा. पारदर्शक किंवा फिकट टाकी असेल तर आत हिरवट दिसेलच, कारण उजेड लागला की शेवाळ होतं.

नवी लाइन: काय घालायचं

आधी एक बाजूला काढतो. चहाचा किंवा वडापावचा छोटा ट्रेलर असेल तर पंपच लागत नाही. पन्नास लिटरची टाकी आतल्या बाजूला उंचावर बसवा, खाली तोटी द्या. तीन-चार फुटांच्या उंचीवरून हात धुवायला आणि भांडी विसळायला पुरेल एवढी धार येते. चहाच्या गाडीला पंप, बॅटरी आणि सेन्सरची तोटी लावून देणारा भेटला तर त्याच्याकडून चहा प्या आणि घरी या.

मोठा फूड ट्रेलर, कॅराव्हॅन किंवा टॉयलेट व्हॅन असेल तर व्यवस्थित लाइन लागते. बाहेरच्या देशात हल्ली ट्रेलरमध्ये पेक्स नावाचा लवचिक पाइप घालतात. तो हादरा खातो, वळणावर एल्बो कमी लागतात, म्हणजे जोडही कमी. आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळतो, पण मंठ्याला किंवा परतूरला रात्री नऊ वाजता त्याचं फिटिंग मिळणार नाही. हा विचार महत्त्वाचा आहे. जो माल तुमच्या धंद्याच्या टापूत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तोच घाला. आज तो माल म्हणजे सीपीव्हीसी. आयएस १५७७८ चा शिक्का बघून घ्या, गरम-थंड दोन्हीला चालतो.

पण सीपीव्हीसी ताठ असतो, म्हणून दोन काळज्या घ्यायच्या. एक, दर दीड-दोन फुटांवर क्लॅम्प, आणि क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी. पाइप पत्र्यातून जातो तिथे रबरी ग्रोमेट बसवा, नाहीतर पत्रा करवतीसारखा पाइप कापतो. दोन, टाकी, पंप, गिझर आणि तोटी यांना पाइप थेट ताठ जोडायचा नाही, मध्ये वेणीच्या जाळीचा लवचिक कनेक्टर द्यायचा. हादरा तो खातो. बागेला पाणी घालायचा पाइप क्लिप लावून मध्येच जोडू नका. तो पिण्याच्या पाण्यासाठी केलेला नसतो, तापला की पाण्याला वास येतो.

टाकी कुठे बसवायची हा प्लंबिंगचा प्रश्न वाटतो, पण तो खरं तर गाडी चालवण्याचा प्रश्न आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी भरली की तीन माणसांचं वजन गाडीत आलं. ती शेपटाकडे टाकली तर हूकवरचा भार हलका होतो आणि वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो. चाकांच्या वर किंवा किंचित पुढे बसवा, पट्टीने घट्ट आवळा. टाकी अपारदर्शक, पिण्याच्या पाण्याची. टाकीला हवेचा छोटा पाइप हवाच, नाहीतर पंप पाणी ओढेल आणि टाकी आत चेपेल. त्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी लावा, डास आत जाऊन अंडी घालतात.

पंप १२ व्होल्टचा, डायफ्रामचा. त्याच्या आधी गाळणी. ही गाळणी वगळली तर टँकरच्या पाण्यातली रेती आठवडाभरात पंप खाते. बॅटरीची फार चिंता करू नका. समजा पंप ६ अँपिअर घेतो आणि दिवसभरात सगळं मिळून एक तास चालतो, तर ६ अँपिअर-अवर गेले, शंभरच्या बॅटरीला ते काहीच नाही. फक्त फ्यूज आणि जाड वायर घाला. पंप सारखा चालू-बंद होत असेल तर पुढे छोटी प्रेशर टाकी बसवा, पंपाचं आयुष्य वाढतं.

गरम पाणी लागत असेल तर एक गोष्ट कधीच करू नका. गॅस गिझर बंद ट्रेलरच्या आत बसवू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. घरातल्या बंद बाथरूममध्येही अशाने जीव गेले आहेत. विजेचा छोटा गिझर घ्या, त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह असल्याची खात्री करा आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप बाहेर सोडा.

सांडपाणी, ज्याकडे कुणी बघत नाही

नवा उद्योजक स्वच्छ पाण्यावर पैसे खर्च करतो आणि सांडपाण्याचा पाइप ट्रेलरखाली तसाच सोडून देतो. खाली बादली ठेवतो. बादली भरते, वाहते, चिखल होतो, माशा येतात. मग गिऱ्हाईक लांबूनच परत जातं.

सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढी तरी असू द्या, कारण आत गेलेलं पाणी बाहेर येणारच. पाइप चाळीस मिलिमीटरचा, उताराने: एका फुटाला पाव इंच. उतार कमी झाला तर भात आणि चहाची पत्ती पाइपात बसून राहते. सिंकखाली वाकडा ट्रॅप हवा, त्यात साचलेलं पाणी वास अडवतं. मात्र गाडी चालताना ते पाणी उसळून सांडतं, म्हणून मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे सिंकमध्ये एक तांब्या पाणी ओतणं. तळणाचा धंदा असेल तर तेल अडवणारा डबा मध्ये बसवा, आणि तो रोज रात्री साफ करा. ही टाकी रस्त्याकडेला किंवा शेताच्या बांधावर रिकामी करू नका. शौचालयाची गाडी असेल तर त्याची टाकी पूर्ण वेगळी. ती उपसायला मैला उपसणारी गाडी बोलवावी लागते. तिचं भाडं तुमच्या दरात आधीच धरा.

कामाचा क्रम आणि चाचणी

जुनं काढायच्या आधी सगळीकडचे फोटो काढा आणि कागदावर लाइन काढून घ्या. गॅसची टाकी बाहेर, बॅटरीची वायर काढलेली. मग जुनं सगळं उपटा, एकही तुकडा "राहू दे" म्हणून ठेवू नका. फरशी किंवा प्लाय कुजली असेल तर ती बदला आणि दोन दिवस उन्हात सुकू द्या. ओल्या लाकडावर नवी लाइन टाकणं म्हणजे गळती विकत घेणं.

पाइप आधी सोल्युशन न लावता जोडून बघा. माप जुळलं की मगच चिकटवा. डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा सुकू द्या. मिस्त्री म्हणेल, "अर्ध्या तासात सोडा पाणी." तुम्ही रात्रभर थांबा.

भिंतीचे पॅनल बसवायच्या आधी दाबाची चाचणी. पंप आणि गिझर लाइनपासून वेगळे करा आणि हातपंपाने दाब द्या, नेहमीच्या दाबाच्या दीडपट. पंप ३ किलोला बंद होत असेल तर साडेचार किलो. तासभर काटा हलता कामा नये. हलला तर शोधा, सुधारा, परत तासभर.

मग जी चाचणी घराला लागत नाही ती. टाकी अर्धी भरा, ट्रेलर गाडीला जोडा आणि जालन्याहून राजूरला जाऊन या. वाटेत मुद्दाम एखादा खराब रस्ता धरा. परत आल्यावर तीच दाबाची चाचणी पुन्हा. जो जोड पहिल्या चाचणीत पास झाला आणि दुसऱ्यात नापास, तो तुम्हाला लग्नात नापास होऊन दाखवणार होता. पॅनल याच्यानंतर बसवा, आणि तेही स्क्रूने, म्हणजे उद्या उघडता येतील.

आता लाइन धुवायची. दोनशे लिटरच्या भरलेल्या टाकीला २५ टक्के क्लोरीनवाली ताजी ब्लीचिंग पावडर साधारण ४० ग्रॅम लागते. ती बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं नितळ पाणीच टाकीत ओता. गाळ गेला तर तोच पंपात अडकतो. प्रत्येक तोटी उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी सगळं काढून टाका आणि वास जाईपर्यंत दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. हे पाणी पिऊ नका, कुणाला देऊ नका.

हिशोब

खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही तीन दुकानांत विचारून लिहा.

समजा मालक ट्रेलरचे अडीच लाख मागतोय. दोन टाक्या ८,००० रुपये, पंप-गाळणी-प्रेशर टाकी ६,५००, पाइप-फिटिंग-क्लॅम्प-व्हॉल्व्ह ७,५००, सिंक-ट्रॅप-ड्रेन ४,०००, मजुरी ७,०००, प्लाय ५,०००. झाले ३८,०००. तुम्हाला हे जड वाटेल.

आता दुसरी बाजू. जुनीच लाइन ठेवली, हंगामात तीनदा बिघडली. प्रत्येक वेळी दुरुस्ती १,५०० आणि दोन दिवस धंदा बंद. दिवसाला ३,५०० सुटत असतील तर एका बिघाडाचे ८,५००, तिनांचे २५,५००. एका हंगामात. दुसऱ्या हंगामात परत तेच. नवी लाइन पाच वर्षं चालली तर वर्षाला ७,६०० पडले. वर्षात १२० दिवस धंदा धरला तर दिवसाला ६३ रुपये. रोज तीन-चार प्लेटचा प्रश्न आहे.

आणि हे ३८,००० तुम्ही भरायचेच असं कुठे आहे? मालकासमोर हा कागद ठेवा. कुजलेली प्लाय, चालू-बंद होणारा पंप, कागदावरचे डाग, सगळं त्याने तुमच्यासोबत बघितलंय. शांतपणे म्हणा, "काका, ट्रेलर मला घ्यायचाय. पण हे काम केल्याशिवाय तो रस्त्यावर जाणार नाही. एवढे कमी करा." तो सगळे सोडणार नाही. निम्मे सोडले तरी तुमची अर्धी लाइन त्याच्या पैशात झाली. अजिबात सोडायला तयार नसेल तर उठून या. जुने ट्रेलर अजून येतील.

कागदपत्रांबद्दल फक्त दोन वाक्यं. गाडीच्या रचनेत बदल केला असेल तर त्याला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते, ती मागच्या मालकाने केली होती का ते बघा. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआय नोंदणी हवीच, आणि त्यात पाणी पिण्यायोग्य असणं ही अट आहे.

ज्यांना ट्रेलर घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी

तुमच्यातल्या काही जणांकडे दोन लाख नाहीत, पण हातात पाना धरता येतो. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. घराची फिटिंग करणारे मिस्त्री प्रत्येक गावात आहेत, गाडीची लाइन समजणारा क्वचित. फूड ट्रेलरवाले, मंडपवाले, फिरत्या शौचालयाचे ठेकेदार, फिरत्या दवाखान्याच्या गाड्या, हे सगळे तुमचे गिऱ्हाईक.

कोटेशन देताना माल आणि मजुरी वेगवेगळी लिहा. मालाचे पैसे आधी घ्या, उधारीवर दुसऱ्याच्या ट्रेलरमध्ये पाइप घालू नका. जोडांची गॅरंटी एक वर्ष द्या, पंपाची तुम्ही देऊ नका, ती कंपनीची. पॅनल बंद करायच्या आधी लाइनचे फोटो काढा आणि मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. दोन वर्षांनी काही झालं तर तो तुम्हालाच फोन करेल, कारण आत काय आहे ते तुम्हालाच माहीत.

आणि पावसाळ्याआधी त्याच गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करा. हंगाम संपला की ट्रेलर बंद करायचं काम असतं: टाकी आणि गिझर रिकामे करायचे, सगळ्या तोट्या उघड्या ठेवायच्या, पंप काही सेकंद कोरडा फिरवून आतलं पाणी काढायचं, गाळणी धुवायची, टाकीच्या तोंडावर झाकणाऐवजी जाळी बांधून ती सुकू द्यायची. दीड-दोन तासांचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे घ्या, आणि दसऱ्याच्या आधी लाइन परत सुरू करून द्यायची तारीखही त्याच दिवशी ठरवून या.